पाच फुटांची फळी

गोव्यातल्या आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेला तीन पायऱ्या आहेत. चिऱ्याच्या, कडा झिजलेल्या, मधली थोडी खचलेली. लहानपणी त्यांच्यावर बसून पाटी पुसली, त्यामुळे त्या उंच आहेत असं कधी मनातही आलं नाही. परवा टेप घेऊन गेलो आणि मोजल्या. अंगणापासून व्हरांड्यापर्यंत 19 इंच भरले.

रॅम्पचा हिशेब सरकारी नियमांतच दिलेला आहे. एक इंच चढायचं तर निदान बारा इंच लांबी हवी. म्हणजे आमच्या शाळेला 19 फुटांचा रॅम्प हवा, वर खुर्ची वळवायला सपाट जागा हवी आणि धरायला कठडा हवा. ही शाळाच आमचं मतदान केंद्र. गेल्या मतदानाला तिथे काय होतं? दोन चिऱ्यांवर टेकवलेली पाच फुटांची प्लायवूडची फळी. इतक्या उभ्या चढावर चाकांची खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलून कोणी चढूच शकत नाही, आणि उतरताना तर माणूस पुढे तोंडावर पडेल. आमच्या वाड्यावरची एक बाई त्या दिवशी खुर्चीवरून आली होती. फळीकडे एकदा बघून तिथे उभ्या असलेल्या तिघांनी तिला खुर्चीसकट उचललं. चांगल्या मनाने उचललं, यात शंका नाही. नंतर ती मला एवढंच म्हणाली, "कुठे धरू, असं एकानेही विचारलं नाही."

कागदोपत्री त्या केंद्रावर रॅम्प होता. फळी होती ना.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी असे फोटो वर्तमानपत्रांत येतात. पोलीस एका आजोबांना उचलून नेताहेत, कार्यकर्ते एका मुलीची खुर्ची चौघांत धरून पायऱ्या चढताहेत, आणि खाली ओळ असते लोकशाहीच्या उत्साहाची. मला तो फोटो बघवत नाही. त्यात उत्साह आहे तो उचलल्या जाणाऱ्या माणसाचा. तो घरी बसला असता तरी कोणी त्याला बोल लावला नसता, तरीही तो आला. बाकी त्या चौकटीत जे दिसतं ते न केलेलं काम आहे.

कायद्यात याबाबत जराही संदिग्धता नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे, त्याचं 11 वं कलम फक्त मतदानाविषयी आहे. सगळी मतदान केंद्रं दिव्यांगांना सुगम असली पाहिजेत आणि निवडणुकीचं सगळं साहित्य त्यांना समजेल, वापरता येईल असं असलं पाहिजे, ही जबाबदारी त्या कलमाने भारत निवडणूक आयोगावर आणि राज्य निवडणूक आयोगांवर, दोघांवरही टाकली आहे. याच कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून 2017 मध्ये निघाले. मुदत जून 2022 मध्ये संपली. त्याच्याही आधी, 2004 साली, मतदान केंद्रांवर रॅम्पची सोय करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचे आदेश झाले होते. त्या वर्षी जन्मलेली मुलं 2022 मध्ये मतदार झाली.

मग अडतं कुठे? माझ्या मते अडतं ते पैशाच्या रचनेत. पैसा नाही असं मी म्हणत नाही. तो ज्या हिशेबातून येतो तो हिशेबच एका दिवसाचा आहे.

लोकसभेच्या निवडणुकीचा खर्च केंद्र सरकार करतं, विधानसभेचा राज्य सरकार करतं, दोन्ही एकत्र आल्या तर तो निम्मा-निम्मा वाटला जातो. पंचायत, जिल्हा पंचायत आणि पालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांचा भार राज्याच्या तिजोरीवर असतो. या सगळ्या खर्चाचा स्वभाव एकच: निवडणूक जाहीर झाली की सुरू आणि निकाल लागला की बंद. मंडप, टेबलं, गाड्या, जेवण, दिवे, तशीच ती फळीही. आदल्या संध्याकाळी येते, दुसऱ्या रात्री टेंपोत चढते. इमारत मात्र शाळेची. तिची मालकी एका खात्याकडे, बांधकाम आणि दुरुस्ती दुसऱ्या खात्याकडे, आणि निवडणूक यंत्रणा म्हणजे एका दिवसाची पाहुणी. मी रॅम्पबद्दल एका कार्यालयात विचारलं तेव्हा मला दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवलं, आणि दुसऱ्यातल्या साहेबांनी अगदी सौजन्याने सांगितलं की निवडणुकीचं काम आमच्याकडे येत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. 19 इंचांची मालकी कोणाकडेच नव्हती.

गोव्यात मतदान केंद्रं सतराशेच्या आसपास आहेत. त्यांतली कितीतरी गावातल्या प्राथमिक शाळांत. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्या शाळांत आम्ही शिकलो. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून आपल्याकडे जोतं उंच घ्यायची रीत, आणि ती रास्तच. पण शाळेत कायमचा रॅम्प बांधला तर त्याचा उपयोग मतदानापुरता राहत नाही. पायाला कॅलिपर लावलेलं पोर त्यावरून रोज वर्गात जाईल. नातवाला पोचवायला आलेली आजी कठडा धरून चढेल. माध्यान्ह आहाराची भांडी त्यावरून सहज वर नेता येतील. ग्रामसभा, लसीकरण, आधार कार्डाचं शिबिर, सगळं त्याच व्हरांड्यात होतं. दर निवडणुकीला भाड्याची फळी आणण्यापेक्षा एकदा सिमेंट ओतणं शहाणपणाचं आहे, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

म्हणून माझं मागणं असं आहे. मतदान सुगम करण्यासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद असावी, दरवर्षी असावी, निवडणूक असो वा नसो. ती मंडपाच्या आणि गाड्यांच्या खर्चात मिसळलेली नसावी, म्हणजे अमुक तालुक्यात अमुक शाळांवर किती खर्च झाला हे कुणालाही वाचता येईल. आणि तिच्या खर्चाला जबाबदार असं एकच खातं असावं. गोव्यात दिव्यांग सक्षमीकरणासाठी वेगळं खातं आहे, राज्य दिव्यांगजन आयुक्तांचं कार्यालय आहे, कायद्याच्या 88 व्या कलमात राज्य निधीची सोय आहे. दारं आहेत, पैसा त्यांतून वाहायला हवा.

अमेरिकेत असा वेगळा पैसा ठेवून पाहिलेला आहे. 2000 साली फ्लोरिडातल्या मतमोजणीने त्या देशाची जी शोभा झाली, त्यानंतर 2002 मध्ये तिथे 'हेल्प अमेरिका व्होट अॅक्ट' झाला. त्यात अपंग मतदारांसाठी राज्यांना निराळं अनुदान ठेवलं गेलं, आणि ते कशावर खर्च करायचं हेही लिहिलं: केंद्रापर्यंतची वाट, आत जायचं दार, बाहेर पडायचा मार्ग, प्रत्यक्ष मत देण्याची जागा. शिवाय प्रत्येक केंद्रावर अपंग मतदाराला एकट्याने, गुप्तपणे मत देता येईल असं निदान एक यंत्र असलंच पाहिजे, अशी अट 2006 पासून लागू केली. त्याने तिथलं सगळं सुरळीत झालं असं नाही, पुढच्या तपासण्यांत अडथळे सापडतच राहिले. पण पैसा वेगळा काढल्यामुळे तो कुठे गेला हे विचारता आलं. त्या चार बाबींची यादी मला फार आवडते, कारण ती बनवणाऱ्याने वाटेपासून सुरुवात केली आहे. आपल्याकडे रॅम्प म्हटलं की नजर पायरीवर जाते, आणि फाटकापासून पायरीपर्यंतची खडी कोणी बघत नाही.

आता मला ज्या गोष्टीने हा लेख लिहायला बसवलं, तिच्याकडे येतो.

माझे मामा सत्तरी तालुक्यात राहतात. काचबिंदूने त्यांची दृष्टी पंधराएक वर्षांपूर्वी गेली. ब्रेल त्यांना येत नाही, उतारवयात डोळे गेलेल्या बहुतेकांना येत नाही. तरीही विधानसभेला आणि लोकसभेला ते आपलं मत स्वतः देतात. मतदान यंत्रावर बटणांच्या बाजूला ब्रेलमध्ये आकडे असतात, ही सोय 2009 पासून देशभर आहे. मामा ते आकडे वाचत नाहीत, बोटांनी बटणं मोजतात. कोणता उमेदवार कितव्या नंबरवर, हे घरून पक्कं करून जातात, वरून तिसरं म्हणजे तिसरं. बटण दाबलं की लांब आवाज येतो आणि त्यांचा चेहरा सैल होतो. मत कुणाला पडलं हे दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते, ती त्यांच्यासाठी नाहीच. तिथे ऐकू येणारी काही सोय हवी. पण निदान बोट त्यांचं असतं.

पंचायतीला तसं होत नाही. 10 ऑगस्ट 2022 रोजी गोव्यातल्या 186 पंचायतींसाठी मतदान झालं ते मतपत्रिकेवर. कागद सपाट, चिन्हं छापलेली, शिक्का मारायचा. बोटांना लागेल असं त्यावर काही नाही. मामा भाच्याला, म्हणजे माझ्या मावसभावाला, सोबत घेऊन गेले. शाळेच्या पायऱ्यांवर ऑगस्टातलं शेवाळ होतं, तेही दोघांनी एकमेकांना धरून पार केलं. आत मामांनी त्याच्या कानात सांगितलं आणि त्याने शिक्का मारला. रात्री फोनवर मामा मला म्हणाले, "मत म्हजें, पूण शिक्को ताणें मारलो."

यातली बोच समजायला गोव्यातला वॉर्ड डोळ्यांसमोर आणावा लागतो. काहीशे मतदार. उमेदवारांपैकी एक शेजारी, एक दुकानदार, एक पत्नीच्या माहेरचा. माझा मावसभाऊ त्यांच्यातल्या एकाबरोबर क्रिकेट खेळतो. तो सज्जन आहे, त्याने कुणाला काही सांगितलं नसेल, असं मी मानतो. पण मामांना ते मानावं लागतं, हाच प्रश्न आहे. डोळस मतदाराला कुणाच्या सज्जनपणावर भरवसा ठेवायची वेळ येत नाही. निकालानंतर एक उमेदवार आठवडाभर मामांशी बोलला नाही. त्याला काही कळलं होतं की त्याचा नुसता अंदाज होता, मामांना आजवर माहीत नाही. पुढच्या वेळी भाच्याच्या कानात काय सांगायचं याचा विचार त्यांना करावा लागणार.

लोकसभेत गुप्तता जपायची यंत्रणा भक्कम आणि पंचायतीत ढिली, हे उलटं आहे. दिल्लीच्या उमेदवाराला माझ्या मामांनी मत दिलं की नाही याने मामांच्या घराचं नळाचं कनेक्शन अडत नाही. पंचायतीत रस्ता, दिवा, घरदुरुस्तीचा दाखला, सगळं त्या पंचाच्या हातून जातं. जिथे नाव फुटण्याची भीती सर्वांत जास्त, तिथे अंध माणसाच्या बोटाला काहीच लागत नाही.

आणि यावर उपाय आहे तो हास्यास्पद वाटावा इतका स्वस्त. मतपत्रिकेच्या मापाची पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची चौकट, प्रत्येक उमेदवारासमोर एक खिडकी कापलेली, खिडकीच्या कडेला उठावाचे ठिपके. मतपत्रिका तिच्यात सरकवायची, बोटांनी खिडक्या मोजायच्या, शिक्का मारायचा, कागद काढून घडी घालून पेटीत टाकायचा. चौकट तिथेच राहते, पुढच्या मतदाराच्या उपयोगी पडते. जगात अनेक देशांनी, आपल्याहून गरीब देशांनीही, अशा चौकटी वापरल्या आहेत. 11 व्या कलमात राज्य निवडणूक आयोगाचं नाव स्पष्ट आहे, त्यामुळे ही आपली बाब नाही असं म्हणायला जागा नाही. गोव्याच्या पंचायतींची मुदत 2027 मध्ये संपते. चौकटी बनवायला तोवरचा वेळ भरपूर आहे.

यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे घरून मतदान. आता लोकांच्या घरी पथक जातं, मग रॅम्पवर पैसा कशाला? मी या सोयीच्या विरोधात नाही. 2022 च्या विधानसभेला ती गोव्यात आली, 2024 मध्ये लोकसभेला देशभर मिळाली, आणि खाटेला खिळलेल्या माणसाला तिच्याइतकं मोल दुसऱ्या कशाचं नसेल. पण दिव्यांगांपैकी ती 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असलेल्यांनाच आहे. त्यासाठीचा अर्ज, म्हणजे 12-ड नमुना, निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरून द्यावा लागतो, आणि एकदा घर निवडलं की केंद्रावर जाता येत नाही. शिवाय ती लोकसभा-विधानसभेच्या नियमांतून आलेली सोय आहे. मुख्य गोष्ट अशी की घरून मतदान हा पर्याय असेल तर तो खरा पर्याय असायला हवा. पायरी चढता येत नाही म्हणून घरी बसलेल्या माणसाने घर निवडलं, असं मी म्हणणार नाही. आमच्या वाड्यावरची ती बाई मतदानाच्या दिवशी नवी साडी नेसते. तिला रांगेत उभ्या असलेल्या बायकांशी बोलायचं असतं, बोटावरची शाई दाखवायची असते.

ज्यांना आकडेच कळतात त्यांच्यासाठी आकडे देतो. 2011 च्या जनगणनेत गोव्यात 33,012 दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यात लहान मुलंही आहेत, आणि तेव्हाच्या कायद्यापेक्षा आजच्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार कितीतरी जास्त, म्हणजे 21, धरलेले आहेत. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, या 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाचा निकाल 34,021 मतांच्या फरकाने लागला होता. आम्हा मराठी भाषकांच्या घरांत तो आकडा अजून तोंडपाठ असतो, विलीनीकरणाचं फूल कुणाचं आणि वेगळ्या गोव्याची दोन पानं कुणाची हे आजही जेवताना निघतं. एवढ्याशा प्रदेशात एवढ्या मतांनी काय ठरतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको. 2022 च्या विधानसभेत सांत आंद्रेचा निकाल 76 मतांनी लागला, साखळीचा 666 मतांनी. पण खरं सांगायचं तर हे आकडे नसते तरी माझं म्हणणं तेच असतं. एका केंद्रावर एकच मतदार खुर्चीवरून येणार असेल तरी 19 फूट बांधावे लागतील.

पायऱ्यांवर आणि डोळ्यांवर मी एवढं लिहिलं कारण ते मी जवळून पाहिलं. कर्णबधिर मतदाराला केंद्रावर काय सांगितलं जातं, उमेदवारांच्या भाषणांपैकी किती सांकेतिक भाषेत त्याच्यापर्यंत पोचतं, यावर त्या अनुभवातल्या कुणीतरी लिहायला हवं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचं तर नावच अनेक घरांत यादीत घातलं जात नाही. आई-वडील प्रेमाने, काळजीने टाळतात. कायदा सांगतो की मनोविकलतेच्या कारणाने नाव नाकारायचं तर सक्षम न्यायालयाने तसं ठरवलेलं असावं लागतं. घरच्यांनी ठरवून चालत नाही, यादीचं काम बघणाऱ्या बीएलओने तर नाहीच. ज्यांचं नाव आधीच यादीत आहे त्यांना आपलं अपंगत्व नोंदवायला नमुना 8 आहे. ही नोंद नसेल तर कुठल्या केंद्रावर काय लागणार याचा अंदाज यंत्रणेला आधी येत नाही, म्हणून ती करून घ्यावी.

गोवा हे लहान राज्य आहे, आणि या बाबतीत ते आपलं बळ आहे. 2017 मध्ये सर्व 40 मतदारसंघांत व्हीव्हीपॅट वापरणारं देशातलं पहिलं राज्य आपणच होतो. 2023 पासून पणजीत पर्पल फेस्ट भरतो, देशभरातून दिव्यांग माणसं येतात, आणि त्या दिवसांत शहरात रॅम्प, दुभाषे, गाड्या, सगळं दिसतं. मी दोनदा गेलो आहे, मला त्याचा अभिमान आहे. जे पणजीत काही दिवसांसाठी जमतं ते सत्तरीत, केप्यात, पेडण्यात कायमचं का जमू नये? सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी खटल्यात नोव्हेंबर 2024 मध्ये हेच अधोरेखित केलं. सुगमतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, काही किमान नियम बंधनकारकच हवेत, असं न्यायालय म्हणालं. सतराशे केंद्रांची तपासणी दिव्यांग माणसांनाच सोबत घेऊन करायची म्हटली, टेप हातात घेऊन, तर गोव्यात ती एका उन्हाळ्यात होऊ शकते. त्या तपासणीसाठी त्यांना रीतसर मानधन द्यावं. आपल्या अडचणीचं मोजमाप त्यांच्याकडून फुकट करून घेणं बरं नाही.

चतुर्थीला मामांकडे गेलो तेव्हा जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा आणि ब्लेड घेऊन बसलो. पाच काल्पनिक नावांची मतपत्रिका बनवली, तिच्यावर बसेल अशी चौकट कापली, खिडक्यांच्या कडेला फेव्हिकॉलचे थेंब वाळवले, एकाला एक, दोनाला दोन, असे. अर्धा तास लागला. शिक्का म्हणून मामींनी बटाटा कापून दिला. मामांना पाचही नावं क्रमाने वाचून दाखवली आणि मी पाठ फिरवून बसलो. मागे बोटं पुठ्ठ्यावरून फिरल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही, मग बटाटा टेकल्याचा. वळलो तेव्हा चौकट पाटावर रिकामी होती आणि मामांनी कागदाची बारीक घडी करून ती शर्टाच्या खिशात ठेवली होती. मामींनी विचारलं कुणाला दिलं, तर म्हणाले, "तुका कित्याक?"